ई-पोर्टफोलिओ : वही विद्यार्थ्याची की कॉलेजची?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, हे मला माहीत आहे. ई-पोर्टफोलिओ म्हटलं की कॉलेजातल्या शिक्षकांना आणखी एक पोर्टल आठवतं, आणखी एक पासवर्ड आठवतो, आणि महिनाअखेरीला ग्रुपवर आलेला 'अजून इतक्या जणांचं अपलोड बाकी आहे' हा निरोप आठवतो. मी बी.एड. कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं आणि शेवटची काही वर्षं हे काम माझ्याकडे होतं. म्हणजे तो निरोप टाकणारी मीच होते. तेव्हा आज जी टीका करणार आहे, तिच्यातला चांगला मोठा वाटा माझ्याच पदरात पडणार आहे, हे आधी सांगून ठेवते.

वस्तू काय आहे ते थोडक्यात बघू. विद्यार्थी शिकताना जे करतो, म्हणजे कच्चे मसुदे, प्रकल्प, पाठाचा व्हिडिओ, प्रयोगाच्या नोंदी, त्यावर आलेले शेरे, त्यातलं निवडून एका जागी ऑनलाइन ठेवायचं. आणि सोबत स्वतः लिहायचं, की हे मी का ठेवलं, यात काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. तो काढून टाकला तर उरतं ते कागदपत्रांचं कपाट.

शब्द मूळचा इटालियन. वाहून नेणं आणि पान, या दोन शब्दांचा जोड. चित्रकार आपली पानं बगलेत मारून हिंडायचा, ती फोल्डर म्हणजे पोर्टफोलिओ. आपल्याकडे कलाशाखेची आणि आर्किटेक्चरची मुलं अजून तशी फोल्डर घेऊन लोकलमध्ये चढतात. त्या फोल्डरमध्ये नुसती पूर्ण झालेली चित्रं नसतात. रखडलेली स्केचेस असतात, एकाच हाताची दहा वेळा काढलेली रेघ असते. जाणकार परीक्षक आधी तीच बघतो, कारण मुलगा कसा विचार करतो ते तिथे दिसतं.

आता कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्य कल्पना आपल्यावर लादली. मला ते पटत नाही. आपल्याकडे हे सगळं होतंच. सायन्सला जर्नल होतं. प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं तर जर्नल सर्टिफाय झालेलं लागायचं. इंजिनिअरिंगला टर्म वर्क होतं, सबमिशन होतं. बी.एड.ला पाठाचं टाचण होतं आणि निरीक्षणाची वही होती. कल्पना उत्तम होती: परीक्षेच्या तीन तासांपलीकडे वर्षभराचं काम मोजायचं. आणि आपण तिचं काय केलं? इथे इंजिनिअर बसले असतील तर त्यांना 'जीटी' हा शब्द समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पहाटेपर्यंत रेघा गिरवायच्या. सकाळी सही मिळते. सर्टिफिकेट म्हणतं की या विद्यार्थ्याने हे काम समाधानकारकरीत्या पूर्ण केलं आहे. जर्नलचंही तेच. गेल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल या वर्षी उतरवलं जातं आणि प्रयोगाचं 'रीडिंग' सुद्धा दशांशासकट तेच येतं.

मी मुलांना दोष देत नाही. मुलं हुशार असतात. समोरचा नक्की काय मागतोय ते त्यांना लगेच कळतं. आम्ही भरलेली पानं मागत होतो, त्यांनी पानं भरून दिली. म्हणून ई-पोर्टफोलिओची चर्चा 'कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं' इथून सुरू झाली की मला धास्ती वाटते. काचेखालचा दिवा जाऊन तिथे कॉपी-पेस्ट आलं, एवढाच फरक पडायचा.

माझ्या कॉलेजात काय झालं ते आता सांगते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते अनेक ठिकाणी घडलेलं आहे.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. नव्या रचनेत शाळेतल्या अनुभवाला एकूण २० आठवडे मिळाले आणि चिंतनात्मक लेखनावर भर आला. आम्ही ठरवलं, वह्या नकोत, ऑनलाइन करू. प्रत्येकीला कॉलेजच्या ईमेलवर एक फोल्डर दिलं. नियम एकच: आठवड्याला एक नोंद, आणि ती नोंद फक्त लिहिणारी आणि मी वाचणार. गुण नाहीत. पहिले दोन महिने काही हाती लागलं नाही. 'पाठ चांगला झाला, मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला.' सगळ्यांचं हेच. मी प्रत्येक नोंदीखाली एकच प्रश्न लिहायचे: कुठल्या मुलाने काय म्हटलं ते सांग.

मग एके दिवशी एका मुलीची नोंद आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. तिने फळ्यावर १/२ अधिक १/३ लिहिलं. एक मुलगा म्हणाला, २/५. ती 'चूक' म्हणाली आणि पुढे गेली. नोंदीत तिने लिहिलं होतं, की रात्री मला झोप लागेना, तो २/५ आला कुठून? मग लक्षात आलं, त्याने वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. त्याच्या दृष्टीने तो नियमानेच चालला होता. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ही मुलगी डब्यातली भाकरी घेऊन वर्गात गेली. अर्धी भाकरी त्या मुलाच्या हातात दिली. मग दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा दिला. म्हणाली, आता तुझ्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी? तो म्हणाला, जास्त. मग २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग स्वतःच म्हणाला, बाई, मी चुकलो नाही का. आणि नोंदीचं शेवटचं वाक्य असं काहीसं होतं: चूक मी आधी केली होती, काल.

मी इतकी वर्षं शिक्षक घडवायचं काम केलं. शिक्षक 'होताना' दिसणं ही गोष्ट फार कमी वेळा बघायला मिळते. त्या नोंदीत ती मला दिसली.

त्याच वर्षी मूल्यांकनासाठी समिती येणार असं ठरलं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना त्या महिन्यांचं वातावरण माहीत आहे. भिंतींना रंग, फायलींना नवी कव्हरं. बैठकीत ठरलं की आपले ई-पोर्टफोलिओ हा 'उत्तम उपक्रम' म्हणून दाखवायचा. मग एक टेम्प्लेट तयार झालं. पाच मथळे, प्रत्येकाखाली १०० शब्द, दोन फोटो. सगळी फोल्डरं उघडी करायची. टेम्प्लेट कुणी केलं? मीच केलं. ही मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, तो अपूर्णांकाचा पाठ ठेवू की काढू? बाहेरचे लोक वाचतील, कॉलेजला बरं दिसेल का?" आणि मी म्हणाले, "काढ गं. त्याऐवजी विज्ञान दिनाचा पाठ टाक, त्याचे फोटो चांगले आहेत."

तिने काढला. तिथे नवी नोंद आली: 'पाठ यशस्वी झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.'

(थोडा वेळ शांतता)

समितीने कौतुक केलं, हे सांगायला नकोच.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. माझा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: शिकण्याची जागा आणि दाखवण्याची जागा आपण एक केली, की शिकण्याची जागा मरते. दोन्ही जागा लागतात. मुलाखतीला जाताना चांगली कामं दाखवावीत, त्यात काही गैर नाही. संस्थेलाही समाजाला हिशेब द्यावाच लागतो. पण चूक कबूल करायला एक वाचक लागतो आणि यश दाखवायला दुसरा. दोघांना एकाच खोलीत बसवलं तर विद्यार्थी दुसऱ्यासाठीच लिहिणार, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या हेलन बॅरेट या अमेरिकी अभ्यासकबाईंनी पोर्टफोलिओचे दोन चेहरे सांगितले, एक कार्यशाळेचा आणि एक प्रदर्शनाचा. आमच्याकडे प्रशिक्षणाच्या स्लाइडवर त्यांचं नाव होतं. ते दोन चेहरे मात्र एकाच लिंकवर होते.

ब्रिटनमध्ये बघा. १९९७ मध्ये तिथे उच्च शिक्षणावरचा डिअरिंग अहवाल आला. त्याने प्रत्येक विद्यार्थ्याची 'प्रोग्रेस फाइल' असावी असं सुचवलं, आणि तिचे दोन भाग केले. एक गुणपत्रक, ते संस्थेचं. दुसरा भाग विद्यार्थ्याने स्वतःच्या वाढीवर नजर ठेवण्यासाठी, तो विद्यार्थ्याचा. किती साधी आणि शहाणी विभागणी आहे! कागदावर ती टिकते. संगणकावर मात्र दोन्ही एकाच लॉगिनखाली येतात, एकाच डॅशबोर्डवर 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' अशा हिरव्या-लाल ठिपक्यांनी दिसू लागतात, आणि भिंत हळूहळू पातळ होते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली तिथल्या काही विद्यापीठांनी आणि संस्थांनी मिळून, सरकारी निधीतून, 'महारा' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं. माओरी भाषेत महारा म्हणजे विचार करणं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. पान विद्यार्थ्याचं असतं. तो उघडं करेपर्यंत ते दुसऱ्याला दिसत नाही. कोणाला दाखवायचं हे तो पानागणिक ठरवतो. तपासणीला सादर केलं तर तेवढं पान शिक्षक मोकळं करेपर्यंत बंद राहतं, बाकीचं त्याच्या हातात राहतं. आणि जाताना सगळं बरोबर नेण्याची सोय आहे. म्हणजे किल्ली कोणाकडे, या प्रश्नाचं उत्तर रचनेतच दिलंय. पण तेच सॉफ्टवेअर घेऊन एखाद्या कॉलेजने परिपत्रक काढलं की 'सर्व पाने विभागप्रमुखांना खुली ठेवावीत', तर रचना काय करणार? किल्ली परिपत्रकाकडे गेली.

भीती खरी असते का, असं कुणी विचारेल. डॉक्टरांचं उदाहरण देते. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना ई-पोर्टफोलिओ लिहावा लागतो, त्यात आपल्या चुकांवरचं चिंतनही असतं. २०११ मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यात डॉ. बावा-गार्बा यांना २०१५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दरम्यान बातमी पसरली की त्यांनी पोर्टफोलिओत लिहिलेलं चिंतन त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. त्यांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थेने खुलासा केला, की ज्युरीपुढे ई-पोर्टफोलिओ ठेवलाच गेला नव्हता. पण तोवर तिथल्या तरुण डॉक्टरांत एकच चर्चा: आता मनातलं लिहायचं नाही. सरकारने नेमलेल्या विल्यम्स समितीलाही पुढे या प्रश्नाचा विचार करावा लागला. नुसत्या अफवेने एवढं झालं. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात लॉगबुक आहे, चिंतन लिहिणं आहे. ते कोण वाचणार आणि कशासाठी वापरलं जाणार नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी लेखी सांगायला हवं.

आता दुसरा मुद्दा, तो अधिक रुक्ष आहे. वेळ. साधा हिशेब करू. वर्गात ५० विद्यार्थी. प्रत्येकाच्या २० नोंदी. एक नोंद वाचून दोन ओळी लिहायला १० मिनिटं. झाली १०,००० मिनिटं, म्हणजे १६६ तासांहून जास्त. आठवड्याला चार तास दिले तर ४१ आठवड्यांहून जास्त लागतात. वर्षात अध्यापनाचे एवढे आठवडेच नसतात. आणि हे काम कुणाच्या वेळापत्रकात आहे? कुणाच्याच नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तर वर्गातल्या तासाचेच पैसे मिळतात. मग तो काय करील? 'छान', 'उत्तम', 'असेच लिहीत राहा'. न वाचलेल्या पानावर सही. जर्नल पुन्हा जन्माला आलं.

शाळांमध्ये हे आपण पाहिलेलं आहे. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. पटावर ६० मुलं आणि नोंदी ढीगभर. बघता बघता तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. 'कवितेचे तालासुरात गायन करतो.' ज्या मुलाच्या नावापुढे हे लिहिलंय त्याने वर्षभर तोंड उघडलेलं नसायचं.

काही ठिकाणी हे जमलंय. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आहे. जगभरातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं तिथे शिकतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ई-पोर्टफोलिओ हाती घेतला आणि त्या कामात त्यांचं नाव झालं. मला त्यांच्या कामात सॉफ्टवेअरपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी शिक्षकांच्या चर्चासत्रांवर खर्च केला. विद्यार्थ्याला काय विचारायचं, त्याने लिहिलेलं कसं वाचायचं, यावर शिक्षक एकत्र बसले. आपल्याकडे 'प्रशिक्षण' म्हणजे दुपारच्या सत्रात लॉगिन कसं करायचं ते दाखवतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळतं.

तिसरी गोष्ट, विद्यार्थी पास झाल्यावर काय? आमच्याकडे कॉलेजचे ईमेल बंद झाले. त्यांच्याबरोबर फोल्डरं गेली. दोन वर्षांची नोंद ज्याची होती त्यालाच ती मिळाली नाही. आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, डिजिलॉकर आहे, तिथे क्रेडिट आणि प्रमाणपत्रं राहतील. चांगलं आहे. पण ते डिअरिंगच्या पहिल्या भागासारखं झालं, संस्थेचं पत्रक. दुसऱ्या भागाला घर कुठे आहे?

मग काय करायचं? फार मोठं काही सांगत नाही. कॉलेजात उद्या हे सुरू करणार असाल तर चार गोष्टी आधी ठरवा. एक, कच्ची जागा आणि दाखवायची जागा वेगळी ठेवा, आणि कच्च्या जागेची किल्ली विद्यार्थ्याकडे द्या. समिती येवो की कुलगुरू येवोत, ती उघडायची नाही. दुसरी, कच्च्या नोंदीला गुण देऊ नका. गुण द्यायचेच तर विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या तीन कामांना द्या. तिसरी, शिक्षकाला वाचायचा वेळ कार्यभारात मोजा. मोजता येत नसेल तर २० नोंदींऐवजी चारच मागा, पण त्या चार खरोखर वाचा. चौथी, पहिल्या दिवशीच सांगा की जाताना सगळं कसं घेऊन जायचं.

आणि हे चारही जमणार नसेल, तर कृपा करून सुरू करू नका. साधी वही बरी.

ती मुलगी आता कुठल्यातरी शाळेत शिकवत असेल. तिची ती नोंद आज कुठेही नाही. तिने माझ्या सांगण्यावरून काढली आणि नंतर फोल्डरही गेलं. मला आठवली तेवढी तुम्हाला सांगितली.



निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न : आता मुलं चॅटजीपीटीकडून चिंतन लिहून घेतात. मग या सगळ्याला अर्थ काय राहिला?

उत्तर : 'पाठ यशस्वी झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य यंत्र आलं त्याच्या आधीपासून आमच्याकडे होतं. ते माणसं लिहीत होती, यंत्रासारखी. टेम्प्लेट मागाल तर यंत्र ते सुंदर भरून देईल. म्हणून माझा तो जुना प्रश्न अजून कामाला येतो: कुठल्या मुलाने काय म्हटलं? त्यावरही खोटं रचता येतं, नाही असं नाही. पण मग समोर बसवून पाच मिनिटं बोला. २/५ कुठून आला हे जिने पाहिलंय, ती ते तोंडी जास्त चांगलं सांगते.

प्रश्न : मॅडम, मी अनुदानित कॉलेजात आहे. मूल्यांकनाला पुरावे लागतातच. आम्ही नाही म्हणू शकत नाही. मधला मार्ग आहे का?

उत्तर : नाही म्हणा असं मी सांगत नाही, मीही म्हणू शकले नव्हते. पुरावा मागितला तर प्रक्रियेचा द्या. किती विद्यार्थ्यांनी लिहिलं, शिक्षकांनी किती वेळा उत्तर दिलं, विद्यार्थ्यांनी स्वतः निवडून खुली केलेली पानं कोणती. एवढ्यावर अहवाल होतो. आणि एखादी विद्यार्थिनी येऊन 'हे ठेवू की काढू' असं विचारेल, तेव्हा 'ठेव' म्हणा. समितीतही शिक्षकच असतात. त्यांना ते वाचायला आवडलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.